व्होगेल दांपत्याचें बिऱ्हाड आणि त्यांचा चित्रसंग्रह

न्यूयॉर्क शहरांतील हर्बर्ट व डॉरोथी व्होगेल ह्या दांपत्याच्या कलासंग्रहाविषयीं आजवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्यांतील बराचसा मजकूर त्यांच्या पगाराविषयीं आहे. चित्रांविषयीं फार थोडा. नवरा टपालखात्यांत रात्रपाळीस पत्रें निवडणारा, बायको ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयांत ग्रंथपाल, राहावयास भाड्याचें लहानसें बिऱ्हाड, आणि एवढ्या प्राप्तींत चार हजारांहून अधिक कलाकृतींचा संग्रह! ही हकीगत ऐकणाऱ्यास गोड वाटते यांत नवल नाहीं. आपल्या मध्यमवर्गीय मनास तर ती विशेषच भावते. काटकसर, निष्ठा, संसारांतील एकदिली आणि शेवटीं सर्वस्वाचें दान, असे आपल्या आवडीचे सगळे गुण तिच्यांत आहेत. परंतु गुणवान माणसांनीं जमविलेला संग्रह गुणवान असतोच असें नाहीं. पै पै सांठवून वाईट चित्रें विकत घेणारीं माणसेंहि जगांत थोडीं नाहींत. तेव्हां संग्रहाची परीक्षा करावयाची तर ती संग्रहावरूनच केली पाहिजे, आणि तीच आम्ही येथें करूं इच्छितों.

तथापि पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. हर्बर्ट व्होगेल यांचा जन्म १९२२ सालचा. वडील रशियांतून आलेले यहुदी शिंपी. मुलानें हायस्कूलचें शिक्षणहि पुरें केलें नाहीं. पुढें टपालखात्यांत नोकरी धरल्यावर रात्रीं काम करावें आणि उरल्या वेळीं न्यूयॉर्क विद्यापीठाच्या ललितकला-संस्थेंत कलेच्या इतिहासाच्या व्याख्यानांस जाऊन बसावें, असा क्रम त्यांनीं ठेविला. डॉरोथीबाई १९३५ सालच्या. रीतसर शिकलेल्या, ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधर. १९६२ सालीं उभयतांचा विवाह झाला, तीं मधुचंद्रासाठीं वॉशिंग्टनला गेलीं, आणि तेथील नॅशनल गॅलरींत नवऱ्यानें बायकोस चित्र कसें पाहावें याचे पहिले धडे दिले. प्रारंभीं दोघेंहि स्वतः चित्रें काढीत, व त्यासाठीं शहरांत एक खोलीहि त्यांनीं घेतली होती. पण हळूहळू आपल्यापेक्षां इतरांचें काम अधिक चांगलें आहे असें त्यांस दिसून आलें, आणि आपलीं चित्रें खालीं उतरवून त्यांच्या जागीं त्यांनीं दुसऱ्यांचीं लावलीं. आमच्या मतें त्यांच्या रसिकतेचा पहिला सबळ पुरावा हाच होय. स्वतःचें चित्र भिंतीवरून काढण्याचें धैर्य फार थोड्या हौशी चित्रकारांस होतें.

पुढें बाईंच्या पगारांत घरखर्च व नवऱ्याच्या पगारांत कला, अशी वांटणी ठरली. हर्बर्ट यांचा पगार अखेरपर्यंत वर्षास २३,००० डॉलरांच्या वर गेला नाहीं. लग्नाच्याच वर्षीं जॉन चेंबरलेन या शिल्पकाराची, मोटारींच्या चेपलेल्या पत्र्याची एक लहानशी मूर्ति त्यांनीं घरीं आणली. तेव्हांपासून खरेदीचे नियम दोन: किंमत आपल्यास परवडली पाहिजे, आणि वस्तु आपल्या बिऱ्हाडांत मावली पाहिजे. भुयारी आगगाडींतून किंवा भाड्याच्या मोटारींतून स्वतः घेऊन येतां येईल एवढीच ती असावी, हा तिसरा नियम दुसऱ्याच्याच पोटांतला.

हे नियम गरजेंतून निघाले. परंतु त्यांनीं संग्रहास जो आकार दिला तो एखाद्या पंडितानें आंखून दिला असता तरी याहून चांगला साधता ना. १९६० नंतरच्या त्या दशकांत न्यूयॉर्कमध्यें ज्यांचा बोलबाला होता त्या पॉप चित्रकारांच्या किंमती पाहतां पाहतां टपालकारकुनाच्या हाताबाहेर गेल्या. उरले ते असे कलावंत कीं ज्यांच्याकडे ग्राहक फिरकत नसत: ज्यांच्या कलेस तिकडे मिनिमल व कन्सेप्च्युअल म्हणतात ते, म्हणजे एक कलेंतील सगळी आरास काढून टाकणारे, व दुसरे वस्तूपेक्षां वस्तूमागील कल्पनेसच कृति मानणारे. त्यांचेंहि मोठें काम घरांत मावण्याजोगें नव्हतें. म्हणून व्होगेल यांच्या वांट्यास आलीं तीं मुख्यतः कागदावरचीं रेखाटनें, आराखडे, लहान नमुने. कवीची छापील कविता सर्वांस मिळते, पण तिचा खोडाखोड केलेला खर्डा ज्याच्या हातीं पडतो त्यास कवितेची गर्भावस्था दिसते. त्या पिढीच्या कलेचे असे खर्डे एवढ्या संख्येनें एकत्र दुसऱ्या कोणीं सांभाळले असतील असें आम्हांस वाटत नाहीं, आणि ह्या संग्रहाचें पहिलें मोल आम्ही येथेंच मानतों.

आतां एक अडचणीचा प्रश्न. ह्या संग्रहांत रिचर्ड टटल यांची १९७४ सालची एक कृति आहे. कृति म्हणजे काय, तर सुताच्या दोरीचा तीन इंच लांबीचा तुकडा, खिळ्यांनीं भिंतीस ठोकलेला. बस्स, एवढेंच. त्यावर रंग नाहीं, आकृति नाहीं, अर्थ सुचविणारें नांवहि नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणीहि सुज्ञ गृहस्थ विचारील कीं, असला तुकडा तर आमच्या घरीं वाळत घालण्याची दोरी तुटली म्हणजे नित्य पडलेला असतो; त्यास कला म्हणावयाचें काय? हा प्रश्न हंसण्यावारी नेणारे टीकाकार आम्हांस मान्य नाहींत. प्रश्न रास्त आहे, व त्यास उत्तर दिलेंच पाहिजे.

आमचें उत्तर असें. एखाद्या मोठ्या, रिकाम्या, पांढऱ्या भिंतीवर तो तुकडा एकटाच लाविला म्हणजे पाहणाऱ्याची नजर प्रथम भिंतीवर भिरभिरते, मग त्या तुकड्यावर येऊन अडते, आणि तेथून पुन्हां भिंतीकडे जाते. इतका वेळ जी भिंत कोणाच्या खिजगणतींतहि नव्हती ती आतां एक प्रचंड पदार्थ होऊन समोर उभी राहते. दोरीचा पीळ, टोंकाचे विसकटलेले तंतु, तिची भिंतीवर पडलेली बारीकशी सांवली, यांपैकीं कांहींच चुकवितां येत नाहीं, कारण पाहावयास दुसरें कांहीं नाहींच. मोठ्या आवाजाच्या सभेंत हळू बोलणाऱ्याकडे जसे सर्वांचे कान लागतात तसा हा प्रकार आहे. ही कला मोठी आहे काय? मोठी नाहीं, पण खरी आहे. तिच्यांत फसवणूक नाहीं. जें आहे तें सर्व उघड्यावर आहे. आणि असल्या कृतीचें बरेंवाईटपण केवळ अंतर, जागा व माप यांवर अवलंबून असल्यामुळें ती पारखण्यास नजर फार तयार लागते. वाईट कलावंताच्या हातून हाच तुकडा नुसता तुकडाच राहील. टटल यांच्याहि हातून कित्येकदां तो तसाच राहिला आहे.

सॉल लेविट यांच्या बाबतींत आम्हांस एवढा संकोच वाटत नाहीं. १९६५ सालीं व्होगेल यांनीं त्यांची एक रचना विकत घेतली, ती लेविट यांच्या पहिल्या विक्रींपैकीं होती. हे लेविट पूर्वीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत रात्रपाळीस दारांत बसण्याची नोकरी करीत. म्हणजे विकणारा व घेणारा दोघेहि रात्रपाळीचेच! पुढें त्यांनीं भिंतीवरील चित्रांचा जो प्रकार काढला त्यांत चित्रकार केवळ नियम लिहून देतो: अमुक दिशेनें अमुक अंतरावर रेषा काढाव्या, अमुक ठिकाणीं थांबावें. प्रत्यक्ष रेषा दुसऱ्याच कोणीं काढावयाच्या. युरोप-अमेरिकेंत ह्या कल्पनेनें मोठी खळबळ उडाली. आमच्या घरांतील स्त्रियांस मात्र तिच्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. ठिपक्यांची रांगोळी ती हीच. इतके ठिपके, इतक्या ओळी, ह्या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेषा. एवढा नियम एकीनें दुसरीस सांगावा, आणि तिनें आपल्या अंगणांत आपल्या हातानें ती काढावी. रांगोळी कोणाची, सांगणारीची कीं काढणारीची, असा वाद कोणी घालीत नाहीं, आणि सायंकाळीं ती पुसली गेली म्हणून ती नष्ट झाली असेंहि कोणी समजत नाहीं. फरक एवढाच कीं आपल्या रांगोळींत मंगलाची भावना आहे, व लेविट यांच्या नियमांत ती मुळींच नाहीं. तेथें नियमाची शिस्त हाच सगळा आनंद. हा कोरडेपणा कांहींस बोंचेल. पण ह्या संग्रहांतील त्यांचीं लहान रेखाटनें पाहणारास त्या कोरडेपणाखालींहि हाताचा एक हळुवारपणा जाणवल्यावांचून राहात नाहीं.

आतां ज्या बिऱ्हाडांत हें सर्व मांडलें होतें त्याकडे वळूं. मॅनहॅटनच्या पूर्व भागांत, एक निजावयाची खोली असलेलें, सुमारें ४५० चौरस फुटांचें तें घर. मुंबईच्या गिरगांवांत वाढलेल्या वाचकास त्याचा अंदाज मुद्दाम करून द्यावयास नको. भिंती जमिनीपासून तक्तपोशीपर्यंत भरल्या. मग तक्तपोशीवरून वस्तु टांगल्या गेल्या. मग पलंगाखालीं, कपाटांत, स्वयंपाकघरांत, न्हाणीघरांत, जेथें जागा तेथें कागदांचे गठ्ठे रचले गेले. यांतच भर म्हणून मांजरें आठ, कांसवें वीस, आणि माशांच्या कांचेच्या पेट्या! पेटींतलें पाणी उडून एकदां वॉरहॉल यांच्या चित्रास लागलें, व तें पुढें दुरुस्त करून घ्यावें लागलें. मेगुमी सासाकी ह्या बाईंनीं २००८ सालीं ह्या दांपत्यावर जो चित्रपट काढला त्यांत हें घर पाहावयास मिळतें, आणि तें पाहून प्रेक्षकांचें मन भरून येतें. आमचें मन मात्र कांहींसें दुभंगलें.

कारण उघड बोलावयाचें तर मांडणी म्हणून ही मांडणी वाईट होती. ज्या कलेचा प्राण मोकळ्या जागेंत आहे तिला येथें श्वास घेण्यास जागा नव्हती. टटल यांच्या दोरीस जी रिकामी भिंत हवी ती ह्या घरांत एक हातभरहि सांपडली नसती. १९७५ सालीं न्यूयॉर्कमधील क्लॉकटॉवर ह्या जागेंत ह्या संग्रहाचें पहिलें जाहीर प्रदर्शन झालें. तेथें अंतर राखून लावल्यावर ह्या वस्तु प्रथमच पुरत्या दिसूं शकल्या. इतकें असूनहि त्या घराची निंदा करण्यास आमची लेखणी वळत नाहीं. संग्रहालयांत चित्र देव्हाऱ्यांतल्या मूर्तीसारखें असतें. आपण ठराविक वेळीं जातों, दुरून पाहतों, परत येतों. व्होगेल यांच्या घरीं तें फडताळांतल्या पुस्तकासारखें होतें. चहा करतांना, मांजरास दूध घालतांना, रात्रपाळीहून थकून आल्यावर बूट काढतांना तें नजरेस पडे. रोज डोळ्यांपुढें असूनहि जें चित्र कंटाळवाणें होत नाहीं त्याची जी परीक्षा होते, ती कोणत्याहि परीक्षकाच्या अर्ध्या तासाच्या भेटींत होत नाहीं.

ह्या खरेदीवर एक आक्षेप घेतां येतो, तो आम्हांस अगदींच पोकळ वाटत नाहीं. हे खरेदीदार दुकानदारास टाळून थेट कलावंताच्या खोलीवर जात, हप्त्यांनीं पैसे देत, आणि अशा वेळीं जात कीं कलावंत गरजू असे. गरजवंताकडून स्वस्तांत घेणें हा कांहीं पुण्याचा व्यवहार नव्हे. क्रिस्टो व जान-क्लोद ह्यांच्याकडून १९७१ सालीं, कोलोराडोच्या दरींत कापडाचा पडदा टांगण्याच्या त्यांच्या योजनेचें एक चित्र व्होगेल यांनीं मिळविलें तें त्यांचें मांजर सांभाळण्याच्या बदल्यांत! गोष्ट मोठी मजेची खरी, पण तिच्यांतील विनिमयाचा भाव काय पडला हें कोणी विचारीत नाहीं. तथापि ह्या आक्षेपास एक उत्तर आहे, व तें आम्हांस पुरेसें वाटतें. स्वस्तांत घेऊन महाग विकणारा मनुष्य गरजेचा फायदा घेतो. ह्या दोघांनीं वाढलेल्या किंमतीच्या मोहानें संग्रह विकावयास काढला नाहीं. दोन-चार चित्रें विकलीं असतीं तरी उरलेला जन्म सुखांत गेला असता. शिवाय ज्या कलावंताच्या दारीं महिनोन् महिने कोणी फिरकत नाहीं, त्याच्याकडे आठवड्यास येऊन प्रत्येक कागद उलटून पाहणारीं चार डोळीं पैशांहून कमी मोलाचीं नसतात.

खरा दोष निराळाच आहे. हर्बर्ट यांस हव्यास फार. एखाद्या कलावंताचें एक रेखाटन आवडलें कीं त्याच्या मागचीं-पुढचीं दहाहि हवीं. हिशेब व नोंदी डॉरोथीबाईंकडे होत्या म्हणून ह्या हव्यासास कांहीं वळण तरी राहिलें. परिणामीं संग्रह एकांगी झाला. मोजक्या मित्र-कलावंतांच्या कृति येथें शेंकड्यांनीं आहेत, आणि त्यांच्याच काळांतील दुसरे कित्येक चांगले कलावंत नांवालाहि नाहींत. मैत्रीनें नजर तीक्ष्ण होते तशी मऊहि होते. चार हजारांतील प्रत्येक कागद जपण्याच्या योग्यतेचा आहे असें म्हणणें म्हणजे कलावंताच्या आणि संग्राहकाच्या दोघांच्याहि विवेकाचा अपमान आहे. त्यांतील पुष्कळसे एका दुपारचे उद्गार आहेत, व दुपारीं विसरले गेले असते तरी चाललें असतें.

येथें पुण्याच्या दिनकर केळकरांची आठवण होणें अपरिहार्य आहे. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता करणाऱ्या ह्या गृहस्थांनीं आपली पत्नी कमलाबाई यांच्यासह दिवे, अडकित्ते, भांडीं, कोरीव दारें जन्मभर जमविलीं, आणि १९७५ सालीं सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पतिपत्नींची जोड, मध्यम स्थिति, अखेरीस समाजास दान, हें साम्य वरवरचें नाहीं. पण एक मोठा फरक आहे. केळकरांच्या दिव्यावर शेंदोनशें वर्षांची काजळी होती. काळानें त्याची निवड अगोदरच अर्धी केलेली होती. व्होगेल यांच्या वस्तूंवर रंग ओला होता. चुकल्यास हंसे होणार, आणि बरोबर ठरल्यास तें कळण्यास वीस वर्षें लागणार, अशा स्थितींत जिवंत माणसाच्या कामावर पगार लावणें ही वेगळ्या जातीची हिंमत आहे. आमच्या सुशिक्षित घरांत जुन्या समया, तांब्याचे हंडे व मराठेकालीन नाणीं मोठ्या हौसेनें मांडलेलीं दिसतात. आपल्याच शहरांतील, आपल्याच वयाच्या, अजून नांव न झालेल्या चित्रकाराचें एकादें चित्र विकत घेऊन लावलेलें क्वचित् दिसतें. त्यास पैशाची अडचण हें कारण सांगण्यांत येतें. टपालकारकुनाच्या ह्या संग्रहानें तें कारण फार लंगडें करून टाकिलें आहे.

१९९२ सालीं दांपत्यानें आपला संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीस देण्याचें ठरविल्याचें जाहीर झालें. तीच संस्था निवडण्याचीं कारणें दोन: तेथें प्रवेशास पैसे पडत नाहींत, आणि एकदां घेतलेली वस्तु ती संस्था विकत नाहीं. घर रिकामें करण्यास पांच मोठ्या मालमोटारी लागल्या. संस्थेनें कांहीं वर्षासन बांधून दिलें. त्यांतूनहि दोघांनीं पुन्हां चित्रेंच घेतलीं, व घर पुन्हां भरूं लागलें! १९९४ सालीं गॅलरीनें निवडक कृतींचें प्रदर्शन भरविलें. पण एवढा सगळा साठा एका संस्थेस नीट दाखवितां येणें शक्यच नव्हतें. म्हणून २००८ सालीं निराळी योजना निघाली: अमेरिकेंतील ५० राज्यांपैकीं प्रत्येकांतील एका संस्थेस ५० कृति, म्हणजे एकूण २,५०० कृति वांटून द्यावयाच्या.

ह्या वांटणीचें बहुतेकांनीं स्वागत केलें आहे. लहान गांवांतील ज्या संग्रहालयांस असलीं चित्रें घेण्याची ऐपत कधींहि आली नसती त्यांस तीं घरबसल्या मिळालीं, ह्यांत वाद नाहीं. पण हानि झाली तीहि लपविण्याचें कारण नाहीं. ज्या संग्रहाचें मोल एकेका चित्रापेक्षां मालिकेंत होतें, तो मालिका तोडून वांटला गेला. टटल यांनीं वहीच्या सुट्या कागदांवर जलरंगांचे दोन-चार फटकारे मारून केलेलीं चित्रें घ्या. शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एका कागदावरील डाग दुसऱ्यावर कसा सरकला, तिसऱ्यावर कसा विरला हें कळतें. तेच कागद आतां निरनिराळ्या राज्यांत थोडथोडे जाऊन पडले आहेत, आणि एकट्या कागदापुढें उभा राहणारा प्रेक्षक त्याच त्या प्रश्नाशीं येऊन थबकणार: ह्यांत आहे काय? प्रत्येक संस्थेस सर्वांचें थोडें थोडें देण्याऐवजीं एकीस एकाच कलावंताचें पुष्कळसें दिलें असतें तर संख्या तीच राहून समज अधिक वाढली असती, असें आमचें मत आहे.

हर्बर्ट व्होगेल २०१२ सालीं वारले. त्यानंतर डॉरोथीबाईंनीं संग्रहांत भर घालण्याचें थांबविलें. दोघांनीं मिळून उभें केलेलें काम एकटीच्या खरेदीनें पातळ होऊं नये असा त्यांचा विचार होता. हर्बर्ट यांची नजर व बाईंची नोंदवही अशी जी विभागणी लोक करतात ती आम्हांस नेहमींच संशयास्पद वाटत आली आहे. ज्या घरांत दोघांची मान डोलल्यावांचून कोणतीहि वस्तु आंत आली नाहीं, तेथें कोणता कागद कोणाच्या पसंतीचा हें आतां कोणास निवडून काढतां येणार? चित्रपटास नांव देणारांनीं नवऱ्याचें नांव अगोदर घातलें आहे. वॉशिंग्टनच्या गॅलरीच्या सूचींत मात्र, दोरीच्या त्या तीन इंची तुकड्यापुढेंहि, 'डॉरोथी व हर्बर्ट व्होगेल संग्रह' असेंच छापलेलें आहे.